नव्या रेकॉर्डवर रेघा, कव्हर फाटलेलं: दोष कुणाचा आणि करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परदेशातून मागवलेला दोन एलपींचा (मोठ्या व्हिनाइल रेकॉर्डींचा) रीइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमची नवी आवृत्ती, प्रत्येक रेकॉर्ड १८० ग्रॅमची, पुस्तकासारखं उघडणारं गेटफोल्ड कव्हर, किंमत सणसणीत. सील फोडलं तर कव्हरची खालची कड मधोमध फाटलेली. आतल्या छापील पुठ्ठ्याच्या इनरमधून, म्हणजे कव्हरच्या आतल्या पाकिटातून, रेकॉर्ड अक्षरशः ओढून काढावी लागली आणि बाहेर आली तीच अंगावर बारीक सरळ रेघा घेऊन. विक्रेता म्हणतो, सीलबंद माल होता, आमची जबाबदारी नाही. शिवाय कव्हरवरचं चित्र पुसट आणि मागची माहिती गायब, त्याकडे शेवटी येतो. तुम्ही विचारताय की एवढे पैसे घेऊनही कंपन्यांना एक साधं पाकीट नीट का बनवता येत नाही, आणि हा सेट परत पाठवावा की मुकाट ठेवून घ्यावा.

बाकीच्यात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. कड फाटली ती वाहतुकीत. रेघा आल्या त्या इनरमुळे. तिसरी तक्रार म्हणजे पैसे मोजूनही कुणीतरी आपल्याला गृहीत धरलंय हा राग. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे. तिसरीवर फारसा नाही, पण राग कशावर धरायचा हे कळलं तर पुढच्या खरेदीत उपयोग होतो.

माझा धंदा पुठ्ठ्याचा. पुण्यात डाय-पंचिंग (धारदार साच्याने पुठ्ठा कापणं) आणि पेस्टिंगचं (चिकटवण्याचं) काम करतो: मिठाईचे खोके, औषधांची कार्टन, पत्रिकांची पाकिटं. रेकॉर्डींचा नाद त्याहून जुना. ओळखीचे लोक धुवायच्या रेकॉर्डी आणि उसवलेली कव्हरं माझ्याकडे आणून टाकतात. त्यामुळे कव्हर हातात आलं की माझी नजर आधी चित्राकडे जात नाही, घडीकडे जाते. पुढचं सगळं त्या नजरेतून आहे असं समजा.

आधी एक गोष्ट. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत १९४८ साली एलपी बाजारात आणली तेव्हा ती जाड क्राफ्ट कागदाच्या पाकिटात ठेवायचा विचार होता. एकावर एक थप्पी लागली की त्या कागदाच्या घडीचे वळ रेकॉर्डच्या बारीक खाचांवर उमटायला लागले. कोलंबियाचा कलादिग्दर्शक ॲलेक्स स्टाइनवाइस याने मग पातळ पुठ्ठ्याची घडी घालून वरून छापील कागद चिकटवलेलं जॅकेट तयार केलं. सचित्र कव्हरांचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण एलपीच्या कव्हराचा जन्म चित्रासाठी झालेला नाही, रेकॉर्डवर डाग पडू नयेत म्हणून झालाय. आजचे बरेचसे रीइश्यू नेमकं हेच विसरलेत. कव्हर टेबलावर ठेवून फोटो काढला तर देखणं दिसावं, याच हिशोबाने ते बनतं. शंभर वेळा रेकॉर्ड आत-बाहेर होणार आहे हा हिशोब कुणी करत नाही.

चित्रापुढे रेकॉर्डला दुय्यम समजण्याची खोड तशी जुनीच. रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमच्या कव्हरवर पँटची खरीखुरी चेन लावली होती. थप्पीत वरचं वजन पडलं की ती चेन शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतायची. शेवटी उपाय काय काढला, तर माल पाठवण्याआधी चेन अर्ध्यावर खाली ओढून ठेवायची, म्हणजे दाब खाचांवर न येता मधल्या लेबलवर येईल!

आता तुमचं इनर. बारा इंची रेकॉर्ड म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची. कव्हर साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचं. रुंदी पुरेशी असते, गडबड होते ती जाडीत. सपाट खिशात जाड वस्तू घातली की पुठ्ठा दोन्ही बाजूंनी फुगतो आणि तेवढी रुंदी कमी होते. डिझाइन करणारा माणूस संगणकावर सपाट चौकोन बघत असतो, त्यामुळे हे त्याच्या लक्षात येत नाही. आम्ही खोक्याचा नमुना करताना आधी कोऱ्या पुठ्ठ्याचा एक डमी कापतो आणि खरी वस्तू त्यात घालून बघतो. औषधाच्या बाटलीच्या कार्टनला सुद्धा हे करावं लागतं. तुमच्या सेटच्या बाबतीत १८० ग्रॅमची रेकॉर्ड घालून कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. पेस्टिंगची पट्टी आतल्या बाजूने चिकटवली असेल तर तिची जाडी आणखी जागा खाते, आणि गोंद पट्टीबाहेर आला असेल तर खिशाचं तोंड अजून अरुंद होतं. घट्ट अभ्र्यात उशी कोंबावी तशी रेकॉर्ड आत जाते.

मग रेघा कशा येतात? पुठ्ठ्याची छापलेली बाजू गुळगुळीत असते, पण खिशाच्या आत असते ती बहुतेकदा बिनकोटिंगची, खरखरीत. शिवाय डाय बोथट झाली की कापलेल्या कडेला भुसा राहतो. नव्या इनरमध्ये बोट फिरवा आणि काळ्या कपड्यावर पुसा, पांढरी पूड दिसेल. ती पूड आणि तो खरखरीत पुठ्ठा यांच्यामधून मऊ व्हिनाइल घट्ट ओढलं की रेघा येणारच. त्या ओढण्याच्या दिशेने सरळ, एकमेकींना समांतर असतात. घरात वापरताना पडलेले ओरखडे सहसा असे सरळ ओळीत नसतात. म्हणून रेघांचा फोटो काढताना दिवा तिरका धरा, रेकॉर्ड अजून अर्धी इनरमध्ये असू द्या. रेघा आणि इनरची कड एकाच चौकटीत दिसली की वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

कडेचंही तसंच. रेकॉर्ड गोल आणि कव्हर चौकोनी, त्यामुळे रेकॉर्ड कव्हरच्या कडेला टेकते ती फक्त मधोमध, एका जागी. पार्सल कुणीतरी उभं आपटलं की आतल्या दोन जड चकत्यांचा सगळा धक्का त्या एका जागेवर बसतो. कड कोपऱ्यात चेपली असेल तर बाहेरच्या खोक्याला मार लागलाय. मधोमध फाटली असेल तर मार आतून, रेकॉर्डचाच बसलाय आणि बाहेरचं खोकं अगदी धडधाकट असू शकतं. ‘खोकं तर चांगलं होतं’ असं विक्रेता म्हणाला तर त्याला हे समजावून सांगा. आणि हो, १८० ग्रॅमचं कौतुक इथे अंगाशी येतं. नेहमीची रेकॉर्ड १४० ग्रॅमच्या आसपास असते. जास्तीचं वजन आवाज सुधारतंच असं नाही, आवाज ठरतो तो मास्टरिंगवर (मूळ ध्वनिमुद्रणावरून रेकॉर्डसाठी अंतिम प्रत तयार करणं) आणि छपाईच्या, म्हणजे साच्यात रेकॉर्ड दाबून काढण्याच्या, दर्जावर. कडेवर बसणारा धक्का मात्र नक्की वाढतो.

परत करायचं की नाही, हे आता डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवा. रेकॉर्ड आधी धुऊन घ्या, कारण तो पुठ्ठ्याचा भुसा नव्या रेकॉर्डवर असतोच. मग हेडफोन लावून पूर्ण बाजू ऐका. सुई खाचेच्या भिंतींवर चालते आणि इनरच्या रेघा बहुतेकदा वरच्या सपाटीवरच राहतात, म्हणून दिसायला भयंकर वाटणाऱ्या कितीतरी रेघा ऐकूच येत नाहीत. टिक-टिक ऐकू आली तर घड्याळ लावा. ३३⅓ च्या वेगाने रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. टिक दर १.८ सेकंदांनी येत असेल तर ओरखडा खरा आहे, खाचेत उतरलाय. कुठेही, कशीही येत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. आणि कापड फाडल्यासारखा ‘झर्रर्र’ आवाज बहुधा एकाच कानात येत असेल, तर तो पॅकिंगचा दोषच नव्हे. साच्यात व्हिनाइल खाचांमध्ये पुरतं भरलेलं नसतं, त्याचा तो आवाज. तिरक्या प्रकाशात तिथे बारीक चमकते ठिपके दिसतात. तो कशानेही जात नाही, अशी रेकॉर्ड बिनदिक्कत परत करा.

फक्त कड फाटली असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर काय, हे तुमच्यावर आहे. तुम्ही ऐकण्यासाठी घेता की जपून ठेवून पुढे विकण्यासाठी? ऐकणाऱ्याने थोडे पैसे परत मागून सेट ठेवून घ्यावा असं माझं मत आहे. बदली सेट त्याच छपाईचा, त्याच इनरमधला येणार, आणि त्याच कुरियरने येणार. विकणाऱ्याला मात्र फाटकी कड महागात पडते, त्याने परतच करावा.

विक्रेता भारतातला असेल तर ‘सीलबंद माल, जबाबदारी नाही’ हे त्याचं म्हणणं टिकणारं नाही. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे सदोष माल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ऐकलंच नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बहुतेकदा त्या नंबराचा नुसता उल्लेख पुरतो. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ आपल्याकडचे विक्रेते मागतातच, तेव्हा पुढच्या वेळी तो काढून ठेवा. तुमचा विक्रेता परदेशातला असेल तर मामला त्याच्या भलेपणावर आणि परतीच्या टपालखर्चावर येतो. शिवाय भरलेली कस्टम ड्यूटी परत मिळवायला जी पायपीट करावी लागते ती एका एलपीसाठी कुणी करत नाही. अशा वेळी फोटो पाठवून काही रक्कम सोडवून घेणं हाच व्यवहार.

कंपन्या असं का करतात, याचं माझं उत्तर जरा कारखानदाराच्या बाजूने आहे, रागावू नका. अमेरिकेत २०२० साली व्हिनाइलची उलाढाल सीडीच्या पुढे गेली, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदाच. मागणी अशी वाढली, पण रेकॉर्ड छापणारे कारखाने मधल्या काळात बंद पडलेले होते. रेकॉर्ड एकीकडे छापली जाते, कव्हर दुसऱ्याच प्रिंटरकडून येतं, दोघांची गाठ पडते ती थेट भरणीच्या टेबलावर. तोवर हजारो कव्हरं छापून, पंच होऊन, चिकटून तयार असतात. इनर घट्ट होतंय हे तिथे कळलं तरी काम कोण थांबवणार? नुकत्या छापलेल्या रेकॉर्डी भरणीपूर्वी पुरत्या थंड व्हाव्या लागतात. घाईत कोमट रेकॉर्ड भरली आणि वरून श्रिंक रॅप (आवळून बसणारं पारदर्शक प्लास्टिक) बसला तर ती वाकते, आणि तुम्ही म्हणता प्लेअर बिघडला. प्लास्टिकचं अस्तर असलेलं इनर कागदी इनरपेक्षा महाग पडतं. एका नगामागे फरक किरकोळ असतो, पण लाख प्रतींना गुणलं की हिशोबनीस भुवया उंचावतो. छापील पुठ्ठ्याचं इनर मात्र त्याहूनही महाग असतं आणि ते खुशीने मंजूर होतं, कारण ते जाहिरातीच्या फोटोत दिसतं. माझा राग आहे तो इथे.

चांगलं काम होऊ शकतं याचा दाखलाही आहे. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीची २०१९ पासून निघालेली ‘टोन पोएट’ मालिका बघा. जाड पुठ्ठ्यावर वेगळा छापलेला कागद गुंडाळून चिकटवलेली कव्हरं, म्हणजे स्टाइनवाइसचीच जुनी पद्धत, आणि आत बऱ्याचदा कंपनीच्या फ्रान्सिस वुल्फने ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेले फोटो. अशा कव्हरात छापील कागद वेगळा आणि भार घेणारा पुठ्ठा वेगळा. सरळ पुठ्ठ्यावर छापून दुमडलेलं कव्हर घडीवरच तडकतं, कारण शाई आणि कोटिंग दोन्ही तिथे ताणले जातात. गुंडाळलेल्या कागदाचं तसं होत नाही. विकत घेताना कव्हरची आतली बाजू बघता आली तर बघा: करडा किंवा पिवळट जाड पुठ्ठा आणि त्यावर बाहेरून दुमडून आलेल्या कागदाची कड दिसली तर पैसे बऱ्यापैकी सत्कारणी लागलेत.

आता तुम्ही काय करायचं. माझा नियम एकच: कव्हर हे चित्र आणि पिशवी हे घर. दोन्ही कामं एका वस्तूकडून करून घ्यायची नाहीत. रेकॉर्ड घरी आली की ती छापील इनरमधून एकदाच बाहेर काढायची आणि पुन्हा त्यात घालायची नाही. काढताना ओढू नका. इनरच्या दोन्ही कडा तळव्यांनी हलकेच दाबा, खिसा फुगून तोंड उघडतं, आणि मग इनर तिरकं करून रेकॉर्ड स्वतःच्या वजनाने हातात येऊ द्या. कड चिकटलेलीच असेल तर मी सरळ इनरची एक शिवण पातळ सुरीने सोडवतो. शुद्धतावादी लोकांना हे बघवत नाही, पण पुठ्ठा पुन्हा चिकटवता येतो, रेकॉर्डवरची रेघ पुसता येत नाही.

मग रेकॉर्ड एचडीपीईच्या (पॉलिथिलीनचाच एक प्रकार) पातळ पिशवीत. तळाला अर्धगोल आकार असलेल्या जपानी पद्धतीच्या पिशव्या मिळतात, त्या सगळ्यांत सोयीच्या, कव्हरच्या मागे सपाट बसतात. छापील इनर रिकामं, कव्हरमध्ये जागच्या जागी. रेकॉर्डची पिशवी कव्हरच्या मागे, आणि दोन्हींवर मिळून एक बाहेरची पारदर्शक पिशवी. रेकॉर्ड कव्हरच्या आत नसली की कड फाटायचा प्रश्नच मिटतो. गेटफोल्डमध्ये दोन चकत्या असतील तर हे दोघींनाही लागू. शेल्फवर थोडी जास्त जागा जाते, एवढाच तोटा.

बाहेरच्या पिशवीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे इथेच घात होतो. स्टेशनरीच्या दुकानात ‘मस्त जाड, टिकाऊ’ म्हणून जी पारदर्शक पिशवी दाखवतात ती बऱ्याचदा पीव्हीसीची असते. रेकॉर्डही पीव्हीसीचीच, मग बिघडलं कुठे? बिघडतं असं की पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं, उन्हाळ्यात जास्त, आणि रेकॉर्डवर दुधी धुरकट पट्टा बसवतं. हा पट्टा धुऊन जात नाही, सुईखाली सतत खसखस करतो. काही महागडे रीइश्यू तर मुळातच छापील पीव्हीसीच्या पिशवीत विकले जातात. त्यातून रेकॉर्ड त्याच दिवशी बाहेर काढा. ओळखायला सोपं आहे: पीव्हीसीला नव्या रेनकोटचा वास येतो आणि ती हाताला चिकटल्यासारखी लागते. पॉलिप्रॉपिलीन कुरकुरीत वाजते आणि काचेसारखी स्वच्छ असते. पॉलिथिलीन मऊ आणि किंचित दुधी. शेवटच्या दोन्ही चालतात.

पुण्यात असाल तर बोहरी आळीत पॅकिंगच्या दुकानांत बीओपीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्याच, पिशव्या मागा, शर्टांना लावतात तशा. माप १२.७५ इंच चौरस सांगा, गेटफोल्डला थोडं मोठं. एक अट आवर्जून घाला: चिकटपट्टीची झडप नको. रेकॉर्ड बाहेर काढताना ती गोंदाची पट्टी कव्हरला चिकटली की छपाईचा पापुद्राच सोलून येतो. झडपवालीच मिळाली तर झडप कापून टाका. मिठाईवाल्यांच्या मापात हे माप नसतं, त्यामुळे दुकानदार ‘गठ्ठा घ्यावा लागेल’ म्हणेल. दोघा-तिघांत मिळून घ्या.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. कव्हर बाहेरून लॅमिनेट केलेलं आणि आतून उघडा पुठ्ठा. दमट हवेत उघडी बाजू ओलावा पिऊन प्रसरण पावते, लॅमिनेटची बाजू तशीच राहते, आणि कव्हर चित्राच्या बाजूला पन्हळीसारखं वळतं. तुमचा गेटफोल्ड जुलैत आपोआप उघडायला लागला तर छपाईचा दोष समजू नका, हवा आहे ती. कव्हरं उभी, जवळजवळ पण घट्ट नाही अशी ठेवली की बरीचशी सरळ राहतात. माझ्या खोलीत आर्द्रता मोजणारं साधं यंत्र आहे, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघतो. जून ते सप्टेंबर हे डीह्युमिडिफायरशिवाय (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) जमत नाही, कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. कपाट भिंतीला टेकवू नका. कागदी इनरवर बुरशीचे पिवळे-करडे ठिपके दिसले तर ते इनर फेकून द्या, पुसत बसू नका. छापील असेल तर उन्हात नाही, पंख्याखाली वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवा. रेकॉर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ७८ आरपीएमच्या लाखेच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते.

श्रिंक रॅप काढायचा की ठेवायचा? काढायचा. तो बसवल्यानंतरही आवळत राहतो, आपल्या उन्हाळ्यात तर विशेष, आणि कव्हरच्या कडा आत ओढून रेकॉर्डला बाक आणतो. सीलबंदच ठेवणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्यांचं म्हणणं किंमत टिकते. टिकत असेल, पण आत काय अवस्थेत आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. तुमचा सेट वर्षभर सीलबंद ठेवला असता तर परत करायची मुदतही गेली असती. रॅपवरचं स्टिकर आवडलं असेल तर रॅपचा तेवढा तुकडा कापून बाहेरच्या पिशवीवर चिकटवा.

उरला तुमचा शेवटचा मुद्दा, चित्र पुसट आहे आणि मागची माहिती गायब आहे हा. तुमच्या कव्हरचा फोटो मोठा करून पाहिला. छपाईत रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीने तयार होतात. मूळ फिल्म हरवली असली की कंपनी कुणाकडची तरी जुनी प्रत मिळवून तीच स्कॅन करते. म्हणजे जुनी ठिपक्यांची जाळी स्कॅनमध्ये येते, तिच्यावर नव्या छपाईची दुसरी जाळी बसते, आणि दोन्हींच्या भांडणातून लाटांसारखी नक्षी उमटते. ती घालवायला संगणकावर प्रतिमा मऊ करतात, मग चेहरे मेणाचे दिसतात. कव्हरवरच्या चित्रातल्या साडीच्या काठाजवळ भिंग धरा, तुमच्या कव्हरवर हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतील: काठावर नक्षी, गालावर मेण. आणि डावीकडे जी फिकट गोल कमान आहे ती डिझाइन नाही. ज्या जुन्या प्रतीवरून स्कॅन केलं तिच्या आत ठेवलेल्या रेकॉर्डचा घासून उमटलेला वळ आहे तो. जुन्या प्रतीचं दुखणं नव्याने छापून विकलंय, म्हणा ना.

माहितीचं दुःख मला जास्त वाटतं. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय संगीताच्या एलपींचा पुठ्ठा काही उंची नव्हता. जुन्या बाजारात बघा, निम्म्या कव्हरांच्या कडा तपकिरी पडलेल्या सेलोटेपने जोडलेल्या असतात. पण मागे राग, ताल, साथीला कोण, घराण्याबद्दल दोन परिच्छेद, आणि क्रमांकावरून कळायचं की ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. रीइश्यूवर तबलावादकाच्या नावाच्या जागी बारकोड येतो. मास्टरिंग कुठल्या टेपवरून झालं, हे तर क्वचितच छापतात. आणि छापलं तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मोबाइल फिडेलिटी या महागड्या रीइश्यू काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या कित्येक रेकॉर्डी मूळ टेपवरून थेट, संपूर्ण ॲनालॉग समजून लोक घेत होते. २०२२ मध्ये उघड झालं की मधे डिजिटल टप्पा होता. प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीवर मिटलं. आवाज वाईट होता असं कुणाचं फारसं म्हणणं नव्हतं, म्हणणं होतं ते न सांगितल्याबद्दल.

याला माझ्याकडे पुठ्ठ्याचा इलाज नाही. मी एवढंच करतो की जुनी प्रत कुठे सापडली तर तिच्या मागच्या बाजूची स्वच्छ फोटोकॉपी काढून रीइश्यूच्या पिशवीत सरकवतो, साथीदारांची नावं वाचता येतात.

पुढच्या मागणीच्या वेळी विक्रेत्याला आधीच लिहून कळवा. माझा मजकूर ठरलेला आहे, हवा तर उचला: ‘कृपया सील उघडून रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे, कव्हरपेक्षा बोटभर मोठे. सील उघडल्याबद्दल माझी तक्रार नसेल.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याशिवाय कुणी सील उघडायला धजत नाही. ‘आमच्या पद्धतीत बसत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा. आणि आत्ताच्या सेटची दुसरी रेकॉर्ड अजून काढली नसेल तर आज काढू नका. आधी तिचा इनरसकट फोटो घ्या.